यंत्राला माणसाची भाषा शिकविणारी विदुषी : ग्रेस हॉपर

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. पूर्वजांचे स्मरण हे एक ऋणच असते व ते फेडल्यावाचून पुढील पिढीला उभे राहण्यास जागा मिळत नाही. तथापि यंदा प्रस्तुत लेखकाने एका परदेशी आणि परभाषिक स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. या बाईंचा आपल्याशी संबंध काय, असे एखादा सुज्ञ वाचक विचारील. त्याचे उत्तर प्रारंभीच देणे बरे.

ज्या ज्या समाजाच्या हाती पिढीजात कसब होते, त्या त्या समाजात ते झाकून ठेवण्याची वृत्तीही होती. बापाने मुलाला सांगावे, तेही पुष्कळदा अखेरच्या दिवसांत. मुलगी परघरी जाणार म्हणून तिला सांगू नये. शेजाऱ्याला तर वाराही लागू देऊ नये, अशी ती रीत. या रीतीमुळे किती कसबे त्या त्या कारागिराबरोबर चितेवर गेली, याची गणती कोणी केलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास जगात एक अगदी नवी विद्या जन्मास आली. नवल असे की, ती विद्या दहा वर्षांची होते न होते तोच तिच्याभोवतीही असेच कुंपण उभे राहू लागले. ते कुंपण आतून मोडण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, त्या ग्रेस हॉपर यांची ही हकीकत आहे. ज्या यंत्राला आपण आज संगणक म्हणतो व ज्याला आपले वडील पिढीतील लोक गणकयंत्र म्हणत, त्या यंत्राला माणसाच्या बोलीतील शब्द समजावेत म्हणून या बाई झटल्या.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस ब्रूस्टर मरी यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आईला गणिताची उपजत ओढ होती. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला ते फार पुढे शिकता आले नाही. वडिलांना रक्तवाहिन्यांचा विकार जडून त्यांचे पाय कापावे लागले. आपण केव्हा जाऊ याचा नेम नाही, तेव्हा मुलाप्रमाणेच दोन्ही मुलींनीही शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. स्वतःचे पाय गमावलेल्या पित्याने मुलींच्या पायांची काळजी वाहावी, यातील मर्म वाचकांच्या ध्यानी येईलच.

ग्रेस सात वर्षांच्या असताना, उन्हाळी मुक्कामाच्या घरातील गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. सुटे भाग पुन्हा जुळेनात, म्हणून दुसऱ्या खोलीतील घड्याळ आणून उघडले. असे करता करता घरातील सातही घड्याळे खिळखिळी झाली. आईने शिक्षा केली नाही. एक घड्याळ मुलीला खेळावयास दिले आणि बाकीच्यांना हात लावू नये, एवढीच मर्यादा घातली. मुलाने वस्तू मोडली तर तो कारागीर होणार म्हणून कौतुक आणि मुलीने मोडली तर धांदरट म्हणून धपाटा, हा भेद त्या घरी नव्हता.

पुढील मार्ग मात्र सरळ नव्हता. वासार या मुलींच्या कॉलेजात प्रवेश घेताना सोळाव्या वर्षी लॅटिन भाषेने दगा दिला व एक वर्ष थांबावे लागले. सन १९२४ मध्ये प्रवेश मिळाला, १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. आणि येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम. ए. व १९३४ मध्ये गणितातील पीएच. डी. संपादन केली. सन १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या अध्यापकाशी त्यांचा विवाह झाला. तो संसार पुढे टिकला नाही. सन १९४५ मध्ये घटस्फोट झाला. पण हॉपर हे आडनाव त्यांनी जन्मभर लावले.

वासारमध्ये त्या १९३१ पासून गणित शिकवू लागल्या. त्यांच्या शिकविण्याचा एक विशेष येथे नमूद केला पाहिजे, कारण पुढील सर्व कार्याचे बीज त्यात आहे. विद्यार्थिनींना त्या गणितातील एखाद्या सूत्रावर निबंध लिहावयास सांगत आणि भाषेच्या चुकांबद्दल गुण कापीत. मुली कुरकुर करीत की, हा गणिताचा वर्ग आहे, भाषेचा नव्हे. त्यावर बाईंचे म्हणणे असे की, जे गणित दुसऱ्याला सांगता येत नाही ते शिकून उपयोग काय?

आरमारात प्रवेश

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा आरमारात अधिकारी होते. त्यांच्या मनाने आरमाराचाच ध्यास घेतला. परंतु वय अधिक आणि वजन कमी! आरमाराने ठरविलेल्या किमान वजनापेक्षा सुमारे १५ पौंड कमी भरत असल्यामुळे त्यांना खास सवलत घ्यावी लागली. शिवाय गणिताच्या अध्यापकांची देशात गरज होती, त्यामुळे त्यांना सोडण्यासही अडचण होती. या सर्वांतून वाट काढून डिसेंबर १९४३ मध्ये त्या आरमाराच्या राखीव दलात दाखल झाल्या, प्रशिक्षणात प्रथम आल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली रुजू झाल्या.

तेथे त्यांच्यासमोर जे उभे होते त्याचे नाव मार्क वन. एकावन्न फूट लांब, आठ फूट उंच, सुमारे पाच टन वजनाचे हे यंत्र विजेच्या मोटारीने फिरणाऱ्या चाकांवर आणि रिले-स्विचांवर चालत असे. ते तेवीस आकडी संख्यांची बेरीज एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात करी. गुणाकारास मात्र सुमारे सहा सेकंद लागत. त्याला हुकूम द्यावयाचा तो कागदाच्या लांब फितीवर भोके पाडून. एकेन हे मोठे करडे गृहस्थ. रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी बाईंना यंत्र दाखविले आणि एका सूत्राचे गुणक तेवीस आकड्यांपर्यंत काढून आठवडाभरात द्यावेत, असे फर्माविले. ज्या यंत्राचे नावही पूर्वी ऐकले नव्हते, त्याच्याकडून काम करून घेण्यास बाई दोन तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने शिकल्या. थोड्याच दिवसांत त्याचे अंतरंग त्यांच्याइतके जाणणारे माणूस विरळा झाले.

एके दिवशी एकेन यांनी त्यांना या यंत्रावर पुस्तक लिहिण्यास सांगितले. आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही, असे बाई म्हणाल्या. तेव्हा आता तुम्ही आरमारात आहात, एवढेच उत्तर मिळाले. त्यातून पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ तयार झाला व तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राचा प्रत्येक भाग आणि त्याला हुकूम देण्याची प्रत्येक रीत त्यात मांडलेली होती. पुढच्या माणसाला कोणाचे पाय धरावे लागू नयेत, इतके ते स्पष्ट होते.

मार्क वनवर तोफांच्या माऱ्याची कोष्टके झाली, तशीच जॉन फॉन नॉयमान यांनी आणलेली काही गूढ गणितेही झाली. ती कशासाठी आहेत, हे गणित करणाऱ्यांस त्या वेळी सांगितलेले नव्हते. ज्या प्रकारच्या अणुबॉम्बसाठी ती होती, त्याने ऑगस्ट १९४५ मध्ये नागासाकी शहराचा संहार केला. चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. विद्या कोणाच्या हाती जाते व कशासाठी वापरली जाते, हा प्रश्न त्या दालनातही होताच.

येथे एका प्रसिद्ध आख्यायिकेचा खुलासा करावयास हवा. यंत्रातील चुकीला इंग्रजीत कीटक म्हणतात, तो शब्द हॉपरबाईंनी काढला, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. वस्तुस्थिती अशी की, यंत्रातील दोषाला कीटक म्हणण्याची चाल एडिसनच्या काळापासून होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड येथील मार्क टू या यंत्राच्या एका रिलेत खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटविला आणि खरा कीटक सापडल्याची ही पहिली वेळ, अशी थट्टेची नोंद केली. पतंग शोधणाऱ्या बाई नव्हेत. मात्र ही गोष्ट रंगवून सांगावी ती त्यांनीच. ती वही आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयात जपून ठेविलेली आहे.

कुंपण आणि कुंपणाच्या आतील माणसे

युद्ध संपल्यावर बाईंनी आरमारात कायम होण्यासाठी अर्ज केला. वय जास्त म्हणून तो नाकारला गेला. हार्वर्डमध्ये स्त्रियांना कायमची जागा मिळण्याची आशा नव्हती. सन १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथे एकर्ट आणि मॉकली यांच्या लहानशा कंपनीत गेल्या. तेथे युनिव्हॅक नावाचे, व्यापारी कामास उपयोगी पडणारे नवे यंत्र तयार होत होते. हा काळ त्यांच्या आयुष्यातील फार कठीण काळ होय. संसार मोडलेला, कामाचा ताण अपार, उद्याची शाश्वती नाही. अशा स्थितीत त्या मद्याच्या आहारी गेल्या आणि एकदा तर पोलिसांपर्यंत प्रकरण गेले. स्नेह्यांनी सावरले आणि त्याही सावरल्या. थोरांचे पाय मातीचेच असतात. त्या मातीतून ते पुढे कसे चालत गेले, हे पाहणे महत्त्वाचे.

त्या काळी यंत्राशी बोलावयाचे म्हणजे यंत्राच्याच आकड्यांत बोलावे लागे. त्या कंपनीच्या पहिल्या यंत्रासाठी बाई आठाच्या पटीत मोजणी करावयास शिकल्या. आपण दहा झाले की हातचा घेतो. तेथे आठ झाले की हातचा घ्यावयाचा. त्या त्यात इतक्या मुरल्या की, बँकेतील आपल्या खात्याचा हिशेब त्यांना काही केल्या जुळेना. त्यांचे बंधू बँकेच्या व्यवसायातील. त्यांनी चिकाटीने पाहिले तेव्हा उमगले की, बाई मधूनमधून आठाच्या पटीत वजाबाक्या करीत होत्या! हा विनोद त्या पुढे नेहमी सांगत. मात्र त्यातून त्यांनी काढलेला बोध गंभीर होता. यंत्रासाठी माणसाने आपले डोके बदलावे की माणसासाठी यंत्राने बदलावे?

दुसरी अडचण नकलेची. एकाने एखाद्या गणिताची आज्ञावली बरोबर लिहिली की इतर मंडळी ती आपल्या वहीत उतरून घेत. पण माणूस हा वाईट नक्कलनवीस. इंग्रजी बी अक्षराचे तेरा होत, चाराच्या आकड्याचे ग्रीक अक्षर होई आणि एका चुकीपायी दिवस वाया जात. बाईंच्या मनात आले की, न चुकता नक्कल करणारे यंत्र समोर उभे असता माणसाने हे काम का करावे? म्हणून त्यांनी तयार आज्ञावलींचे तुकडे एका फितीवर साठविले व प्रत्येकास क्रमांक दिला. दफ्तरखान्यात साहेबाने क्रमांक सांगावा व कारकुनाने ते ते कागद काढून एका बाडात नीट लावून द्यावेत, तसे हे. येथे कारकून म्हणजे खुद्द यंत्रच. सन १९५१-५२ मध्ये सिद्ध झालेल्या या योजनेस त्यांनी ए-झिरो असे नाव दिले आणि अशा साधनाला कंपायलर, म्हणजे संकलन करणारा, म्हटले. मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील सभेत त्यांनी यावर निबंध वाचला. त्या निबंधाचा विषय होता संगणकाचे शिक्षण. माणसाचे नव्हे, संगणकाचे! वासारच्या वर्गातील शिक्षिका आता यंत्राला शिकवावयास बसली होती.

आज हे ऐकून कोणास नवल वाटणार नाही. परंतु त्या वेळी ते चालते साधन पुष्कळ दिवस कोणी हाती धरीना. यंत्र फक्त आकडेमोड करू शकते, ते आज्ञावली लिहू शकत नाही, असे जाणते लोक सांगत. खरे कारण काहीसे निराळे असावे. फोरट्रान ही दुसरी प्रसिद्ध भाषा ज्यांनी १९५७ मध्ये सिद्ध केली, त्या जॉन बॅकस यांनी त्या दिवसांबद्दल पुढे लिहिताना असे म्हटले आहे की, यंत्राला आज्ञा लिहिणारी मंडळी स्वतःस एक पुरोहितवर्ग समजू लागली होती. सामान्यांस न कळणाऱ्या गूढ विद्येचे आपण राखणदार आहोत, अशी त्यांची भावना होती. विद्या दहा वर्षांचीही झाली नव्हती आणि तिच्यात सोवळे-ओवळे शिरले होते! हॉपरबाई या वर्गातल्याच, किंबहुना त्यांत अग्रभागी. कुंपण टिकले असते तर त्यांचाच मान वाढला असता. तरीही त्यांनी ते मोडावयास घेतले, हे विशेष.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन

यापुढचे पाऊल याहून धाडसाचे होते. व्यापारी पेढीतील माणसाला बीजगणिताची चिन्हे नकोत, त्याला शब्द हवेत. तेव्हा यंत्राला थेट इंग्रजी शब्दांत हुकूम देता यावेत, असे बाईंनी सुचविले. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर आले. सन १९५५ च्या आरंभी त्यांनी वरिष्ठांपुढे एक लहानसे प्रात्यक्षिक मांडले. तीच आज्ञावली प्रथम इंग्रजी शब्दांत, मग फ्रेंच शब्दांत आणि मग जर्मन शब्दांत चालविण्याची ही युक्ती होती. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे खुणांची एक रांग. ती कोणत्या देशाची याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. परिणाम उलटाच झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या प्रतिष्ठित अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कळते, हे ऐकून वरिष्ठ हबकले. मग फ्रेंच-जर्मनचा नाद सोडून इंग्रजीपुरतेच काम करू, असे आश्वासन द्यावे लागले, तेव्हा कोठे ते पुढे सरकले. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा निर्माण झाली.

सन १९५९ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळी आणि एकाची आज्ञावली दुसऱ्यास चालत नाही, अशी अवस्था होती. सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते. त्याच्या पुढाकाराने मे महिन्यात पेंटॅगॉन येथे बैठक भरली आणि व्यापारी कामासाठी सर्वांस सामाईक अशी एक भाषा तयार करण्याचे ठरले. तीच कोबोल. हॉपरबाईंस कोबोलची माता म्हणण्याचा प्रघात आहे. पण न्यायाने बोलावयाचे तर भाषेचा आराखडा एका समितीने केला आणि तीत जीन सॅमेट, गर्ट्रूड टिअर्नी यांसारख्या कर्तबगार स्त्रियाही होत्या. बाई सल्लागार होत्या. परंतु शब्दांत हुकूम देण्याची कल्पना व तिचा चालता नमुना फ्लो-मॅटिकने दिला होता. तो पाया नसता तर इमारत उभी राहिली नसती.

कोबोलमध्ये पगारातून कर वजा करावयाचा असेल, तर इंग्रजीत अक्षरशः तसेच वाक्य लिहावयाचे. कर वजा कर पगारातून. समितीचे काम इतके रखडले की, आर. सी. ए. कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉम्बर्ग यांनी एक संगमरवरी थडगेशिला विकत घेतली, तीवर कोबोलचे नाव कोरविले आणि पेंटॅगॉनमधील प्रमुखांकडे पाठवून दिली! पण शिला पोचली तरी मूल मेले नाही. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, नाममात्र फेरफार करून, यशस्वी रीतीने चालली. योगायोग असा की, त्याच १९६० साली आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी घडविलेले टिफ्रॅक हे गणकयंत्र कामास लागले होते.

कोबोलवर टीकाही पुष्कळ झाली. डच विद्वान एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तिच्यावर कडक शब्दांत प्रहार केला. ती पाल्हाळिक आहे, शिकणाऱ्याच्या बुद्धीला वाईट वळण लावते, असा आक्षेप होता. त्यात तथ्य नाही असे नाही. इंग्रजी शब्द वापरले म्हणजे कोणालाही सारे कळेल, ही आशाही पुरती फळली नाही. विचार नीट मांडण्याचे कष्ट शब्दांनी टळत नाहीत. तथापि एकाने लिहिलेले दुसऱ्याला, तेही वीस-तीस वर्षांनी, वाचून उमगावे, हा लाभ लहान नव्हे. म्हणूनच जगातील कित्येक बँका व सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब एकविसाव्या शतकातही त्या भाषेवर चालत राहिले.

उलटे घड्याळ

सन १९६६ अखेर वयोमर्यादेमुळे आरमाराने बाईंना निवृत्त केले. तो दिवस आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा, असे त्या सांगत. परंतु सात-आठ महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये, आरमाराच्या आज्ञावलींत एकसूत्रीपणा आणण्यासाठी त्यांना सहा महिन्यांकरिता परत बोलाविले. ते सहा महिने, मधला एक अल्प खंड वगळता, जवळजवळ एकोणीस वर्षे टिकले! सन १९६९ मध्ये संगणक-व्यावसायिकांच्या एका संस्थेने त्यांना वर्षातील सर्वश्रेष्ठ संगणक-पुरुष हा किताब दिला. किताबाच्या नावात स्त्री बसावी, एवढीही सोय त्या वेळी कोणास सुचली नव्हती.

या वयात त्या देशभर व्याख्याने देत हिंडत. सोबत तारेचे तुकडे असत, प्रत्येकी सुमारे बारा इंच लांबीचे. एका सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे किती, हे कोणास सांगून समजत नसे. तेव्हा तेवढ्या अवधीत प्रकाश जितका जातो तितकी ही तार, असे सांगून त्या ती श्रोत्यांच्या हाती देत. जे डोळ्यांना दिसत नाही ते हातात ठेवावयाचे, ही खरी शिक्षिका. त्यांच्या कचेरीतील भिंतीवर उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ होते. वेळ ते बरोबरच दाखवी. आजवर असेच चालत आले आहे, हे वाक्य माणसाच्या तोंडचे सर्वांत घातक वाक्य होय, असे त्या म्हणत. ते घड्याळ म्हणजे त्या वाक्याला दिलेले उत्तर होते.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून त्या बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर निवृत्त झाल्या. त्या वेळी आरमारात सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयोवृद्ध होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून त्या काम करीत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. पुढे एका युद्धनौकेस त्यांचे नाव मिळाले. याहून बोलकी घटना २०१७ मधील आहे. येल विद्यापीठातील एका निवासी महाविद्यालयास गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅलहून यांचे नाव होते. ते काढून तेथे ग्रेस हॉपर यांचे नाव देण्यात आले. ज्याने माणसांना जन्मावरून बांधून ठेवण्याची वकिली केली त्याचे नाव उतरले आणि जिने विद्येचे दार उघडे केले तिचे चढले.

आपला धागा

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. बाईंच्या पिढीने यंत्रातील जागा महाग म्हणून सालाचे चार आकडे न लिहिता शेवटचे दोनच लिहिण्याची काटकसर केली. सन २००० जवळ येताच शून्य-शून्य म्हणजे १९०० की २०००, हे यंत्रांस कळेना असे झाले. १९९० नंतरच्या दशकात जगभरच्या जुन्या कोबोल आज्ञावली तपासून दुरुस्त करण्याचे प्रचंड काम निघाले, आणि त्यातील मोठा भाग भारतातील कंपन्यांकडे आला. मुंबई-पुण्यातील कित्येक मराठी मुले-मुली त्या वेळी कोबोल शिकली आणि त्या कामावर परदेशी गेली. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी समुद्र ओलांडला नव्हता, अशा घरांतील ही मुले होती. आज्ञावली वाचता येईल अशा शब्दांत लिहिलेली होती, म्हणूनच तीस वर्षांनंतर सात समुद्रांपलीकडील परक्या मुलाला ती वाचून दुरुस्त करता आली. कुंपण मोडणाऱ्यांनी हे कोणासाठी केले, हे त्यांस ठाऊक नव्हते. दार उघडणाऱ्याला आत कोण येईल हे ठाऊक नसते.

आणखी एक धागा. यंत्राला शब्द म्हणजे केवळ खुणांची रांग, ही १९५५ मधील गोष्ट जिथे संपली असे वरिष्ठांना वाटले, तिथे ती संपली नाही. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी संकेतप्रणाली सिद्ध झाल्या. त्या कामात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा वाटा मोठा आहे. सन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीलाही स्थान मिळाले. आज आपल्या घरातील आजी नातवाला मराठीत निरोप पाठविते, तेव्हा फ्रेंच-जर्मन ऐकून हबकलेल्या त्या साहेबांची आठवण होऊन हसू येते.

हॉपरबाईंचे हुद्दे, मानमरातब ही त्यांची मिळकत खरी. पण ती अनुकरणाची बाब नव्हे. अनुकरण करावयाचे ते याचे, की आपणांस जे उत्तम येत होते ते त्यांनी लिहून ठेवले, सोपे केले आणि मागेल त्याच्या हाती दिले. असे केल्याने त्यांची विद्या कमी झाली नाही, की त्यांचा मानही उणावला नाही. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतही आजमितीस नाना प्रकारची कसबे आहेत. कोणाच्या हातात जुनी कारागिरी आहे, कोणी यंत्रविद्येत निपुण आहे, कोणास हिशेबाची, कोणास औषधाची जाण आहे. ज्येष्ठांना एवढीच विनंती की, ते कसब या वर्षी कागदावर उतरावे. मुलाबरोबर मुलीलाही, सुनेलाही सांगावे. आणि शेजारच्या घरातील हुशार पोर विचारावयास आले तर त्याला जात विचारू नये. मुलीने घरातील घड्याळ उघडले तर रागावण्यापूर्वी तिला एक घड्याळ खेळावयास द्यावे. सातही मोडली तरी तो तोट्याचा व्यवहार ठरणार नाही.

इत्यलम्.